अप्पांच्या भिंतीवरचा शब्द

जाहिरातीतला शब्द न् शब्द खरा असला पाहिजे असं मानणारा माणूस आमच्या हायवेच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. बिदरकडच्या मन्नाएखेळ्ळीत, त्यांच्या गावात, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. मी स्वतः टीव्हीवर पाहून पोट उतरवायचा पट्टा मागवलेला माणूस. पट्टा कपाटात आहे आणि पोट जागेवर. त्यामुळे अप्पांबद्दल मला आदर वाटतो, थोडी भीतीही.

त्यांच्या घराची लांबलचक भिंत रस्त्याकडे तोंड करून आहे आणि कंपन्यांचे रंगारी तिच्यावर कायम टपलेले. पण अप्पांचा कायदा असा, की भिंत आपली म्हणजे तिच्यावरचं बोलणंही आपलं. सिमेंटवाला आला तेव्हा त्यांनी आधी त्या सिमेंटची गव्हाण बांधली, बैलाला तिच्यावर मनसोक्त शिंगं घासू दिली, मग होकार दिला. केसांच्या तेलासाठी स्वतःच्या टकलावर पावसाळाभर मालिश चालली. शेवटी रंगाऱ्याला म्हणाले, "हे डोकं रोज त्याच भिंतीपुढं बसतंय. लोकांनी भिंत वाचावी का डोकं?" मामी आतून म्हणाल्या, "एकदा साडीच्या दुकानाला द्या की भिंत. वापरून बघायला मी हाय."

घोटाळा एकदाच झाला. अप्पा लग्नाला हुमनाबादला गेले असताना मुलाने परस्पर होकार दिला आणि भिंतीवर मुलांची उंची वाढवणारी पावडर आली. अप्पा कुरकुरले, पण अक्षरं देखणी होती, राहू दिली. त्यांची नात वर्गात सगळ्यांत बुटकी. तिने हट्टाने डबा आणवला. दूध गटागटा प्यायची आणि दर रविवारी त्याच भिंतीला पाठ लावून डोक्यापाशी कोळशाने रेघ ओढायची. रेघेवर रेघ पडून एकच जाड रेघ झाली.

एका रविवारी, मी तिथेच होतो, ती म्हणाली, "अप्पा, माझंच काय तर चुकायलंय."

"कामून गं?"

"तुमच्या भिंतीवर खोटं न्हाई ऱ्हात. मग मलाच नीट पिता येईना."

अप्पांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला, चुना कालवला आणि स्वतः कुंचा घेऊन भिंतीला लागले. मुलगा धावत आला. "कंपनीला काय सांगू?"

"सांग, अप्पाला पटलं न्हाई." मग नातीकडे न बघता म्हणाले, "तू न्हाई चुकलीस. मी बघितल्याबिगर बोललो."

ती आता बिदरला कॉलेजात आहे. उंची बेताचीच. सुट्टीत आली की अप्पांच्या शेजारी उभी राहते. त्यांची पाठ अलीकडे वाकत चालली आहे, त्यामुळे दोघांचे खांदे जवळजवळ जुळतात.

"बघा अप्पा, वाढले की मी."

"व्हय गं," अप्पा म्हणतात, आणि पाठ सरळ करत नाहीत.