कासीमभाईला वाचून दाखवलेला कागद

हे मी आजवर कोणाजवळही उच्चारलेले नाही — पत्नीजवळसुद्धा नाही. आयुष्यभर सरकारी अहवाल लिहिले. स्वतःविषयी मात्र साठीला टेकल्यावर हे पहिलेच लिखाण. तेव्हा मध्येच अडखळेन, हे आधीच सांगून ठेवतो.

बीड शहरातल्या पक्क्या सडकांच्या डागडुजीवर मी मुन्शी होतो. खडी पसरायची, वर मुरूम टाकायचा, भिस्त्याने कातडी मशकीतून पाणी शिंपायचे आणि मजुरांनी धुमसाने ठोकून सडक बसवायची — काम दिसायला एवढेच. आमचा भिस्ती कासीमभाई. पाणी सोडत तो उलट्या पावलांनी चाले आणि नजर पाण्याच्या धारेवर ठेवी. पाणी कुठे जाते यावरून त्याला सडकेची प्रकृती कळत असे. मला कळत नसे. मी शिकलेला होतो ना?

नदीकडे उतरणाऱ्या सडकेसाठी खुंट्या ठोकून दोरी मी स्वतः ताणली होती. निम्मे काम झाल्यावर कासीमभाई थांबला.

"मुन्शीजी, उतार नदीकडं न्हाई. पानी रंगाऱ्याच्या गल्लीत चाललंय." आणि टाचेने मुरुमावर त्याने एक रेघ ओढली — उतार असा हवा.

दोरी चुकत नाही, असे मी म्हणालो.

"नसंल चुकत. पन पानी काय दोरी बघून चालत न्हाई."

मजूर हसले. ते हसू मला झोंबले का? झोंबले. पण खरे कारण ते नव्हे. आदल्याच दिवशी आमच्या वरिष्ठांना, मोहतमीमसाहेबांना, मी काम बिनचूक असल्याचे सांगून आलो होतो. पुन्हा त्यांच्यापुढे उभे राहून 'चुकलो' म्हणायचे — एवढ्या एका शब्दाची मला भीती वाटली. मी काम पुढे चालू ठेवले.

पावसाळ्यात सडक नेमकी तिथेच उखडली. पाणी गल्लीत शिरून रंगाऱ्यांचे रंगाने भरलेले रांजण नासले. चौकशी लागली. अहवाल मीच लिहायचा होता, निजाम सरकारच्या रिवाजाप्रमाणे उर्दूत. मी लिहिले की भिस्त्याने प्रमाणाबाहेर पाणी ओतल्यामुळे खडी बसली नाही.

पण हेही सर्वांत वाईट नव्हते. त्या कागदावर कासीमभाईचा अंगठा लागणार होता. त्याला अक्षरओळख नव्हती. "काय लिवलंय, मुन्शीजी?" त्याने विचारले. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचले — कासीम भिस्ती इमानी माणूस असून या कामात त्याचा काहीही कसूर नाही. अगदी सावकाश, ओळीवरून बोट फिरवीत वाचले. खरे तेच वाचत होतो मी. फक्त कागदावर ते नव्हते. त्याने समाधानाने अंगठा उमटवला.

आठवड्यात त्याला कामावरून काढले. निघण्यापूर्वी तो मुद्दाम माझ्याकडे आला — कशासाठी? तर माझी समजूत घालायला. "तुमी काहून तोंड पाडता? तुमी तर चांगलं लिवलं होतं. वरच्यांनी मानलं न्हाई, त्याला तुमी काय करनार?"

मी मान खाली घालून उभा राहिलो. त्याला तो माझा सज्जनपणा वाटला.

तो धारूरला गेला, सीताफळे विकू लागला. तेव्हापासून दर हंगामात एक टोपली गाडीवानाबरोबर माझ्या घरी येते. परत पाठवायची तर कारण सांगावे लागले असते. म्हणून ती फळे मी खात आलो. धारूरच्या बाजारात तो म्हणे अजून सांगतो — बीडात एकच मुन्शी माझ्या बाजूनं उभा राहिला.

यंदा ती सडक पुन्हा खोदली गेली आणि काम माझ्याकडेच आले. या वेळी मी दोरी ताणण्याआधी घागरीने पाणी ओतले आणि त्याच्यामागे चालत गेलो. कासीमभाईने टाचेने ओढलेली रेघ मला अजून आठवत होती. उतार तसाच धरला. परवाच्या जोराच्या सरीत पाणी सरळ नदीकडे गेले. गल्लीत रंगाऱ्यांच्या बाया दारातच बसून होत्या, कोणी रांजण हलवले नाहीत. मी बराच वेळ पाहत राहिलो. इतक्या वर्षांत प्रथमच वाटले की चुकीचा उतारही बदलता येतो.

आणि काल टोपली आली. गाडीवान म्हणाला, "कासीमभाईची नात आता उर्दू वाचती. येईल त्याला धरून वाचून दाखवती. लई कौतुक हाय म्हाताऱ्याला."

हाच सारा मजकूर मी उर्दूत उतरवून घेतला आहे. उद्या सकाळी त्याच गाडीने धारूरला निघतो. तिथे मी काही वाचणार नाही. कागद नातीच्या हाती देईन, आणि तिचे वाचून होईपर्यंत कासीमभाईसमोर बसून राहीन.