पेशीपटलाचे परीक्षक

स्वतःचं नुकसान इतक्या शिस्तीत, इतकं वेळेवर आणि इतक्या सुवाच्य अक्षरात करून घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. सर नांदेडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. मी त्यांची पीएच.डी.ची पहिली विद्यार्थिनी, आणि शेवटचीही. पेशीभोवती जे अतिशय पातळ आवरण असतं, त्या पेशीपटलासाठी त्यांनी उभं आयुष्य घातलं. प्रयोगशाळेत आम्ही तसंच पटल असलेले सूक्ष्म बुडबुडे तयार करायचो आणि पाण्यात क्षार वाढवत नेला की ते पटल कधी ताठ होतं, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचो. बुडबुडे इतके नाजूक, की शेजारच्या मंगल कार्यालयात बँड वाजला की थरथरायला लागायचे. म्हणून सरांनी भिंतीवर लग्नतिथींचं कॅलेंडर टांगलं होतं आणि भर लग्नसराईत आमचं संशोधन बंद असायचं. स्टाफरूममध्ये कुणाच्या घरी लग्न निघालं की लोक सरांनाच तारखा विचारायचे. सर अगदी निरागसपणे आमच्या मोजमापाला सोयीची तारीख सुचवायचे.

कंधार हे त्यांचं गाव. दर शनिवारी बसमध्ये शेजारी जो कुणी बसेल त्याला ते पटल समजावून सांगत. एकदा एका गृहस्थाने तासभर ऐकून घेऊन विचारलं, की याचा उपयोग काय? सर म्हणाले, "आजून माहीत न्हाई." हेच उत्तर त्यांनी नवं यंत्र मंजूर करणाऱ्या समितीलाही दिलं होतं. यंत्र अर्थातच आलं नाही.

आमचा शोधनिबंध तीनदा परत आला. नियतकालिकाकडे निबंध पाठवला की ते तो त्याच विषयातल्या दोन-तीन परीक्षकांकडे पाठवतात; ते कोण, हे आपल्याला कळत नाही. एकाला आमचं इंग्रजी आवडलं नाही. दुसऱ्याने सगळं पुन्हा अशा यंत्रावर मोजायला सांगितलं, जे अख्ख्या मराठवाड्यात नव्हतं. तिसरा म्हणाला, यात नवं काही नाही. मी संतापाने रडायची, आणि सर त्या अहवालांत परीक्षकाचं बरोबर असेल तिथे लाल पेनाने रेघ मारत बसायचे. कारण ते स्वतःही परीक्षक होते. परदेशातून निबंध आला की ते प्रत छापून घेत, लेखकांच्या नावांवर कागदाची पट्टी चिकटवत, "नाव दिसलं की मन वाकडं होतं," म्हणत, आणि काम झालं की प्रत कपाटात कुलूपबंद करत. मलासुद्धा ती कधी पाहू दिली नाही. पुढे दहा दहा पानांचा अहवाल. आमच्या वाट्याला कधी चार ओळींच्या वर काही आलं नव्हतं.

चौथ्यांदा पाठवायचा निबंध मी तयार केला, तेव्हा विद्यापीठाची मुदत संपत आली होती. निबंध छापून आल्याशिवाय मला प्रबंध देता येणार नव्हता. सरांनी तो हातात घेतला आणि म्हणाले, "थांबू जरा." कारण सांगितलं नाही. आठवडे गेले, महिने गेले. मी विनवण्या केल्या, भांडले, एकदा तर दोन दिवस बोललेच नाही. सर नुसते थांबले होते. आठ महिन्यांनी, माझी मुदत टळून गेल्यावर, एका नामांकित नियतकालिकात एका परदेशी गटाचा निबंध आला. तेच पटल, तोच क्षार, तोच निष्कर्ष. मी तो सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"हाव," ते म्हणाले. "आपल्यापेक्षा नीट मांडलंय त्यांनी."

त्यांना सगळं माहीत होतं. तो निबंध परीक्षणासाठी त्यांच्याकडेच आला होता. मी स्वतः हेच काम करून राहिलो, दुसरा कुणी बघा, असं त्यांनी संपादकांना कळवलंही होतं. संपादकांनी उलट लिहिलं की या विषयातली माणसं मोजकीच आहेत आणि आमचा तुमच्यावर भरवसा आहे. तो एक शब्द सरांना पुरला. त्यांनी निबंध तपासला, तिसऱ्या आकृतीतली चूक दाखवून दिली आणि छापण्याची शिफारस केली.

"आपण त्यांच्या आधी मोजलं होतं, सर. आपला का थांबवला?"

"त्यांचं वाचल्यावर आपल्या निबंधाला हात लावू वाटंना. कुठलं वाक्य आपलं अन् कुठलं त्यांचं, मलाच कळंना."

"मग त्यांचा नाकारायचा होता."

"पटल तसंच वागतंय, बाई. तू बघितलंस, मी बघितलं. खोटं कसं म्हणू?"

"आणि माझं काय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई," असं म्हणाले. खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. मी निरोप न घेता निघाले.

आता मी लातूरला मेडिकल प्रवेशाच्या क्लासमध्ये शिकवते. तिथे पेशीपटल एका तासात संपतं. मुलं विचारतात, मॅडम, यावर किती प्रश्न येतात? मी सांगते, एखादा. मुलं पान उलटतात. सहा वर्षं मी नांदेडला गेले नाही.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. ते निवृत्त होऊन कंधारला राहतात आणि त्यांचे डोळे अधू झालेत. एक निबंध आलाय, बारीक आकडे दिसंनात, वाचून दाखवशील का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणणार होते. रविवारी सकाळच्या बसने गेले. सर खूप वाळले होते. टेबलावर निबंध होता, कुठल्याशा दूरच्या देशातल्या लहानशा कॉलेजातला.

"इंग्रजी लई कच्चं हाय," सर म्हणाले, "पण मोजलंय मन लावून."

हे मला दाखवलेलं चालतं का, असं मी जरा टोचूनच विचारलं. सरांनी संपादकांच्या लेखी परवानगीचा कागद पुढे केला. खाली सरांची स्वतःची विनंती होती: माझी दृष्टी मंदावली आहे, आकडे माझ्या सहसंशोधक वाचून दाखवतील. पुढे माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

‘सहसंशोधक’ हा शब्द आणि माझं नाव एका ओळीत मी कधीच पाहिलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्या तक्त्यातले आकडे वाचायला लागले.

"सावकाश," सर म्हणाले. "घाई न्हाई."