भिवाचा बाजा आणि कमळाची जीभ

पूर्णगडात अपमान करायला कुणाला वेगळा वेळ काढावा लागत नाही. सारात मीठ असतं तसा तो बोलण्यातच असतो. तरीही भिवाच्या वाट्याला जेवढा आला तेवढा गावात दुसऱ्या कुणाच्या आला नसेल, आणि त्यातला निम्म्याहून अधिक घरचाच होता.

ऐंशी साली तो बोटीवरची खलाशाची नोकरी सोडून परत आला, तेव्हा दोरखंडात सापडलेला त्याचा डावा पाय कायमचा आखडला होता. आठ वर्षं परमुलखात काढलेला माणूस काय घेऊन येतो हे गावाला पाठ होतं. टेपरेकॉर्डर, नायलॉनच्या साड्या, अत्तराची बाटली. भिवाने टेपरेकॉर्डर आणला खरा. साड्यांच्या जागी मात्र दहा घरांचा, तळहातात मावणारा एक माऊथ ऑर्गन आणला. गाव त्याला बाजा म्हणे. तसले बाजे जत्रेत मिळत आणि तिसऱ्या दिवशी मोडत.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका बंदरात त्याची बोट दुरुस्तीसाठी दोन महिने अडकली होती. गोदीच्या फाटकावरचा म्हातारा काळा पहारेकरी रोज दुपारी ब्लूज, म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, वाजवत बसायचा. भिवाला त्याची भाषा निम्मीशिम्मी कळे, बाजा पुरता कळे. निघताना म्हाताऱ्याने त्याला एक बाजा दिला, स्वतःचं वाजवणं एका कॅसेटवर भरून दिलं आणि एवढंच सांगितलं की, हा फुंकायचा नसतो, ओढायचा असतो. श्वास आत घेताना लागतो तो सूर जिभेने, घशाने हळूहळू वाकवायचा. बाकीचं आपोआप येतं.

ते आपोआप यायला सात वर्षं लागणार होती, हे म्हातारा सांगायला विसरला.

भिवा घरापुढच्या खळ्यात बसून लोकांची जाळी विणायचा आणि हात दुखले की बाजा काढायचा. त्याची बायको कमळा मासे विकायची. सकाळी बंदरावरच्या लिलावात माशांची पाटी घ्यायची आणि एसटीने पावस गावच्या बाजारात जायची. त्या लिलावाची एक रीत होती. जी पाटी घ्यायची तिला आधी नावं ठेवायची. मासा ताजा आहे का ते त्याचा कल्ला उचलून बघायचं, तोंड वाकडं करायचं, "ही काय सुरमई, हिला मांजर तरी तोंड लावील काय" म्हणायचं, आणि मग तीच उचलायची. नको असलेल्या पाटीकडे बघून बायका गोड हसत, "छान हाय गो" म्हणत आणि पुढे जात. भिवा लहानपणापासून हे बघत आला होता. पण जे रोज दिसतं ते माणूस बघतो थोडंच.

पहिल्या दिवशी बाजा वाजवून झाल्यावर त्याने मोठ्या हौसेने विचारलं, "काय गो, कसं वाटलं?"

"कुनाचं रेडकू अडकलं काय कुंपणात?" कमळा म्हणाली.

गावानेही हात धुऊन घेतले. भजनी मंडळाचे आप्पा पेटी वाजवत. तीस वर्षं तेच चार अभंग त्याच चालीत वाजवल्यामुळे त्यांना बुवा म्हणत. पेटीला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरता येत नाही. आप्पा ती उणीव मान हलवून भरून काढत आणि ऐकणाऱ्यांना वाटे, सूरच हलला. "पेटी गुरूसमोर बसून शिकतात, भिव्या," ते म्हणत. "ही काय तोंडात धरायची वस्तू? मक्याचं कणीस हाय काय?" भजनी मंडळ हसे. आप्पांच्या विनोदाला हसणं हा मंडळात शिरायचा दाखला होता.

भिवा गावाकडे लक्ष देत नसे. घरातून मात्र सुटका नव्हती. कॅसेट ऐकून ऐकून गुळगुळीत झाली तशी कमळाची जीभ धारदार होत गेली. पहिल्या वर्षी त्याच्या ओठांत एकाच वेळी दोन घरं सापडायची. "नळावरच्या बायका झाल्या ह्या," ती म्हणाली. "एका वेळी एकीला तरी बोलू द्या." तो वर्षभर ओठांचा चंबू करून एकेक घर वेगळं काढत बसला. मग सूर वाकायला लागला. "हा उतरत नाय, पडतो," ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आजारी मानूस खाटंवरनं पडतो तसा." वाकवलेला सूर अधांतरी धरून ठेवायला त्याला आणखी दोन वर्षं लागली. पुढे तो दोन्ही हातांच्या ओंजळीत बाजा धरून आवाज दाबायला शिकला. "मुठीत काय लपवताव? चोरून आनलाव काय? उघडा की जरा." त्याने बोटं उघडली, मिटली, आणि आवाज रडल्यासारखा, बोलल्यासारखा होऊ लागला.

सगळ्यात जास्त ती त्याच्या जोरावर चिडायची. "जिचं म्हावरं शिळं असतं ती बाजारात वरडते. ताज्याला हाक लागत नाय."

हे मात्र त्याच्या डोक्यात शिरलं नाही. मान्य होण्यासारखं होतं, म्हणूनच कदाचित.

सत्त्याऐंशीच्या नारळी पौर्णिमेला आप्पांच्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला. देवळासमोर मांडव होता, लाऊडस्पीकर होता, तालुक्याहून पाहुणे आले होते. आप्पा स्वतः भिवाच्या खळ्यात आले आणि ओटीवर न बसता म्हणाले, "एखादं सिनेमाचं गानं वाजव. तुझं ते परदेशी कण्हणं नको. आनी जोरात वाजव, पार बंदरापर्यंत ऐकू गेलं पायजे."

सात वर्षांत त्याला कुणी बोलावलं नव्हतं. भिवाने सिनेमाचं गाणं वाजवलं. जोरात वाजवलं. छातीत होता नव्हता तेवढा दम लावून फुंकला, ओढला, मधेच मोठाले सूर वाकवून दाखवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. आप्पांनी खांद्यावर हात ठेवला. "आज माणसात आलास," ते म्हणाले. कुठल्या माणसांत, हे विचारायचं भिवाला सुचलं नाही.

कमळा बायकांच्या गर्दीत नारळ घेऊन उभी होती. घरी आल्यावर त्याने विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं," ती म्हणाली. गोड हसली आणि आत गेली.

भिवा खळ्यात उभाच राहिला. हे हसू त्याने हजारदा बघितलं होतं. बंदरावर, लिलावात, नको असलेल्या पाटीसमोर. सात वर्षं ती त्याचा कल्ला उचलून बघत होती, आणि आज बघून पुढे गेली होती.

दुसऱ्या दिवशी बाजा ओठांना लावला तर चौथ्या घरातून नुसती हवा आली. कालच्या जोरात आतली पितळी पट्टी तडकली होती. तसली पट्टी पूर्णगडात नव्हती, रत्नागिरीत नव्हती. उरलेल्या नऊ घरांवर त्याने काहीबाही वाजवलं. "बरं हाय," कमळा म्हणाली. आठ दिवसांनी पुन्हा, "बरं हाय." गाव आता रस्त्यात थांबवून त्याचं कौतुक करायचं, गाण्यांची नावं सुचवायचं. इतका एकटा तो बोटीवरही नव्हता.

दोन महिने असे गेले. बाकीच्याही पट्ट्या तडकतील या धाकाने तो आता अगदी हळू वाजवायचा, झोपलेल्या माणसाच्या श्वासाइतकं हळू. जोर गेल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं की सूर वाकायला जोर लागतच नव्हता. जीभ किंचित मागे नेली की तो आपणहून झुकायचा, काठोकाठ भरलेली घागर कलावी तसा. चौथं घर आलं की तो थांबायचा. वाजवायला तिथे काहीच नव्हतं. तेवढा श्वास रिकामा सोडायचा आणि पुढच्या सुरावर जायचा.

दिवाळीच्या आधीची एक दुपार होती. कमळा खळ्यात बांगडे चिरून मीठ लावत बसली होती. तो पाठमोरा बसून वाजवत होता, आपल्यासाठीच. थोड्या वेळाने सुरीचा आवाज बंद झाला.

"ह्ये काय चाललंय?"

त्याने बाजा खाली केला.

"त्या जागेवर येताव नि तोंड फिरवताव. सासरी निघालेली पोर उंबऱ्यावर अडते तसं. जायाचं तर जावा, नायतर ऱ्हावा. ऐकनाऱ्यानं काय करायचं, आपल्या मनानं भरून घ्यायचं? आनी ता दुसरं घर. ता काय सूर हाय? दुखऱ्या दातावरनं जीभ फिरवल्यासारकं वाटतं. सात वर्सं घरात बसून ह्ये शिकलाव."

ती बोलत होती आणि भिवा मान खाली घालून ऐकत होता, कारण वर बघितलं असतं तर तिला त्याच्या चेहऱ्यावरचं हसू दिसलं असतं.

"संपलं?" त्याने विचारलं.

कमळाने मिठाचे हात पदराला पुसले, बांगड्यांची पाटी बाजूला सरकवली आणि त्याच्याजवळ सरकून बसली.

"पुन्ना वाजवा," ती म्हणाली. "किती वाईट हाय ता नीट ऐकू दे."