तळ्यातली परकी कासवं

पुंडलिकनगरात एक जण शोभेचे मासे विकतो. गिऱ्हाइकाशी तो भांडूनच बोलतो. "घरी नेऊन मारणार असाल तर इथंच ऱ्हाऊ द्या," असं तोंडावर सांगतो. माशांना मात्र अहोजाहो करतो.

एका रविवारी पडेगावच्या पुढं, एका तळ्यात तो मला गुडघाभर चिखलात जाळं घेऊन उभा दिसला. तळ्याच्या मधोमध खोलीएवढं बेट आहे. त्याच्या काठाला पाणकोंबड्या घरटी करतात. हौस फिटल्यावर लोकांनी पाळलेली विदेशी कासवं तळ्यात सोडली होती. ती त्या घरट्यांवर चढून खुशाल ऊन खात बसत, आणि अंडी पाण्यात जात.

तेवढ्यात गाडीतून एक साहेब बादली घेऊन उतरले. बादलीत कासव होतं.

"सोडू नका!" हा पाण्यातूनच ओरडला.

"अहो, पुण्याचं काम आहे. देवाचा अवतार आहे हा."

"अवतार कसला? लई बेकार भाडेकरू हाय. घरमालकालाच बाहेर काढतो!" त्यानं काठावर येऊन बादली हिसकावली.

साहेब भडकले. "तुमच्याच दुकानातून घेतलं होतं हे!"

त्याचा चेहरा उतरला. "व्हय," तो म्हणाला. "म्हणून तर दर रविवारी ती पकडायला इथं चिखलात मरतो. आता विकत नाय."

साहेब गेल्यावर मी विचारलं, "किती विकली होती?"

जाळं झटकत तो म्हणाला, "मोजली असती, तर सुटका कधी व्हईल ते तरी कळलं असतं."

आणि पुन्हा पाण्यात शिरला.