शिवेवरचं पिंप

आष्टीच्या शिवेवर, म्हसोबापाशी, रस्त्याचं काम चालू आहे. तिथल्या डांबराच्या रिकाम्या पिंपाचा वास आला आणि पन्नास वर्षांपूर्वीचं कुवेतचं वाळवंट आठवलं. वडील तिथं मेकॅनिक होते. आम्ही तिघं मोटारीनं इराककडं निघालो होतो. चहूकडं नुसती वाळू, आणि सरहद्द म्हणून एक गंजकं पिंप. आईनं गाडी थांबवायला लावली. उतरून त्या तापलेल्या पत्र्याला कुंकू लावलं.

"अगं, इथं कशाचा म्हसोबा?" वडील हसले. मीही हसले.

आई म्हणाली, "शीव हाय, मंग राखणदार असंलच की. बोलायला बी कुनी न्हाई बिचाऱ्याला."

वडील गॅरेजात आणि मी शाळेत गेल्यावर आई त्या परक्या घरात दिवसभर कुणाशी बोलायची, हे मी तिला कधी विचारलंच नाही.