दहा फूट आत

ब्रह्मदेवाने सृष्टी रचली तेव्हा आधी नकाशा मंजूर करून घेतला होता का, ही शंका आजवर या जगात एकाच माणसाला आली असेल, आणि मी त्या माणसाचा भाचजावई. माझ्या या मामेसासऱ्यांची उभी हयात नगरपालिकेत घरांचे नकाशे तपासण्यात गेली. निवृत्त झाले ते नोकरीतून, तपासणीतून नाही. सदऱ्याच्या खिशात कापडी टेप कायम. आमच्या लग्नात सप्तपदी थांबवून त्यांनी होमापासून मांडवाच्या खांबाचं अंतर मोजलं होतं. पंगतीत दोन ओळींमध्ये वाढणाऱ्याला अडीच फूट वाट सुटल्याशिवाय कोणाचा हात घासाला लागू देत नसत. एकदा सानगडीला मयतीला गेले, तर न्हाणी शेजाऱ्याच्या हद्दीत गेली आहे, हे रडणाऱ्या मंडळींना हलक्या आवाजात सांगून आले.

आणीबाणी उठली त्या सुमारास भंडाऱ्याबाहेरच्या धानाच्या बांध्यांवर आम्ही वीस-पंचवीस जणांनी सोसायटीचा लेआउट पाडला. नकाशा अर्थातच मामाजींचा. प्रत्येक घर रस्त्यापासून दहा फूट आत, आणि मधोमध एक दशांश जागा मोकळी.

"तिथं काय बांधाचं?" कोणीतरी विचारलं.

"काहीच नाई. मोकळं ठेवणं हेच बांधकाम हाय तिथलं."

मला स्वयंपाकघर फूटभर पुढे हवं होतं. "जवाईबुवा, पुढं आणाल तर मी तुमच्याकडं जेवाले येनार नाई," अशी त्यांनी धमकी दिली. मी आणलं नाही. ते दर रविवारी जेवायला येत आणि ताटावर बसून माझ्या खिडक्या मोजत. आणलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अधूनमधून वाटे.

काही वर्षांनी आमच्या सेक्रेटरींना सुचलं, की मोकळ्या जागेचे दोन प्लॉट पाडून विकावे आणि रस्ता डांबरी करावा. त्या जागेवर पोरं खेळत, बाया पापड वाळवत. पण डांबराचं नाव निघताच सगळे विरघळले. सभेत मामाजी एकटे पडले. "नकाशात मोकळी हाय, म्हंजे मोकळीच राहीन!"

"मामाजी, तुमच्या घराचं माप कोणं घेतलं होतं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मीच."

"मंग आज आमी घेऊन पाहतो."

मी जवाहरनगरच्या फॅक्टरीत कामाला, खिशात स्टीलची टेप. मामाजींच्या विजयाची खात्री असल्याने मोठ्या ऐटीत मीच पुढे झालो. सगळी सभा त्यांच्या दारी गेली; रस्त्यापासून त्यांच्या ओट्यापर्यंत मी मोजलं आणि फॅक्टरीच्या सवयीने खणखणीत ओरडलो, "नऊ फूट नऊ इंच!"

तेवढ्यात दारातून मामीजी म्हणाल्या, "अजी, ते टेप मी एकडाव सदऱ्यासंगं उकळली होती. तवाच आखडली असन."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं कुठी?"

सेक्रेटरी गोड हसले. "तीन इंचानं काय होते, मामाजी? तुमी आमचं सोडा, आमी तुमचं सोडतो."

मामाजी आत गेले ते लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, घेऊनच बाहेर आले. रोज संध्याकाळी ज्या ओट्यावर बसून ते चहा पीत, येणाऱ्या-जाणाऱ्याची सायकल थांबवून नियम समजावत, त्याच ओट्यावर त्यांनी पहिला घाव घातला. लाजेखातर दुसरी सब्बल मी घेतली. ओटा भुईसपाट झाल्यावर घाम पुसत ते सेक्रेटरींकडे वळले, "हं, बोला आता. मोकळ्या जागेचं काय म्हनता?"

प्लॉटांचा विषय तिथेच संपला. पुन्हा कधी निघालाही नाही.

ओटा त्यांनी पुन्हा बांधला नाही. उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसत, पाय आत घेऊन.

त्यांच्या तेरवीची पंगत त्याच मोकळ्या जागेत बसली. पानं वाढून झाली, तरी कोणी घासाला हात लावेना. सेक्रेटरी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "वाट मोजली काय हो?" मामीजींनी दिलेली ती कापडी टेप मी काढली. तिच्या मापाने वाट अडीच फूट बरोबर भरली. स्टीलची टेप दुसऱ्या खिशात होती. ती मी काढली नाही.