सासरेबुवांचं अंगण

आमच्या शेजाऱ्याला सासरेबुवा हे नाव माझ्या बायकोनं ठेवलं. ती कपडे वाळत घालायला लागली, की हा लाल मानेचा उंच म्हातारा अंगणाच्या कडेला हाताची घडी घालून उभा. बोलणार काही नाही. ती म्हणायची, "अगदी माझे सासरे हो! आता म्हणतील, चादर नीट झटकली नाही."

गाव अमेरिकेत, आयोवातलं, चिमूटभर. चहूकडे मका, मधे एक चर्च. मुलाला जवळच्या ट्रॅक्टर कारखान्यात नोकरी, म्हणून आम्ही इथे. माझं इंग्रजी तोडकं, सासरेबुवांचं बोलणंच तोकडं, त्यामुळे छान जमलं.

मोठं काही बोलणं त्यांना जमतच नसे. वादळात गोठ्याचं छप्पर उडून मक्यात पडलं, तर म्हणाले, "जरा वारा होता." बायकोनं दिलेलं मिरचीचं भजं खाऊन डोळ्यांना धार लागली, नाक मानेपेक्षा लाल झालं, तरी "काही वाईट नाही" म्हणत दुसरं उचललं.

बायको गेली, तेव्हा चीज घातलेल्या बटाट्यांचं घमेल्याएवढं भांडं घेऊन दारात आले. "बटाटे आहेत," एवढंच बोलले आणि गेले.

मी अंथरूण धरलं. मुलगा म्हणाला, "बाबा, चँडलरला शिफ्ट होऊ. तिकडे वाळवंट असलं तरी आपले खूप लोक आहेत." मी हो म्हणून टाकलं. पडून राहायचं, ते कुठेही राहता येतं.

एका सकाळी खिडकीखाली घरघर सुरू झाली. बघतो तर सासरेबुवा आमच्या अंगणातलं गवत कापतायत.

"माझं गवत आहे ते!" मी ओरडलो.

"मशीन बाहेर काढलंच होतं."

मला असा राग आला! दया दाखवतो काय! लेंग्यावरच उठलो, आमचं मशीन ओढलं आणि त्यांचं अख्खं अंगण कापून काढलं. त्यात त्यांचे कांदेही गेले. ते हाताची घडी घालून बघत होते. म्हणाले, "काही वाईट नाही."

मग जुंपलीच. ते माझं कापायला निघायचे, मी त्यांचं. मधे रस्त्यात दोन म्हातारे, दोन मशीनं. मान हलवायची आणि पुढे. हिवाळ्यात बर्फाचंही तेच. मुलगा वैतागला, "बाबा, ज्यानं त्यानं आपापलं कापा ना यार!" त्याला काय कळतंय! चँडलर मी कॅन्सल केलं.

गेल्या हिवाळ्यात सासरेबुवा गेले. घर बंद आहे. मुलगा पुन्हा म्हणाला, "आता तरी चला."

"तिकडे अंगणात काय असतं?"

"खडी."

"खडी काय कापायची?"

मी दर शनिवारी त्यांचं अंगण कापून येतो. माझ्या अंगणात गवत गुडघ्याला लागतंय. गाववाले गाडी थांबवून विचारतात, हे कधी कापणार? मी सांगतो, ते माझं काम नाही.